जलसंजीवनी मागून घ्या

पावसाळा सुरू झाला की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर पडते. आईच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचे मूल असते, मान टाकलेले, ओठ सुकलेले. आईने रात्र जागून काढलेली. शेजारी बसलेली आजी डॉक्टरांना बघताच म्हणते, "कालपासून पंधरा वेळा झालंय. पोरात त्राण म्हणून राहिलं नाही. सलाईन लावा, डॉक्टर." डॉक्टरही फारसा वाद घालत नाहीत. बाटली टांगली जाते, शीर सापडेपर्यंत मूल दोन-तीनदा किंचाळते, हाताला पट्टी बांधली जाते आणि घरच्यांना वाटते, आता खरा इलाज सुरू झाला.

त्या बाटलीत असते काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. म्हणजे चहाच्या सपाट चमचाभर मिठापेक्षाही थोडे कमी. ग्लुकोजची बाटली असेल तर तेवढ्याच पाण्यात २५ ग्रॅम साखर. 'ताकद' म्हणावे असे वेगळे त्यात काही नसते. मूल निपचित पडले असेल, पाणी गिळू शकत नसेल, तर ही बाटली त्याचा जीव वाचवते. तिथे सलाईनला पर्याय नाही आणि तिथे एक मिनिटही दवडू नये. पण दवाखान्यात येणाऱ्या जुलाबाच्या बहुतेक मुलांना पिता येत असते. त्यांच्यासाठीचा इलाज औषधाच्या दुकानात वडापावच्या किमतीच्या आसपास मिळतो आणि आशाताईकडे तर फुकट. तो म्हणजे ओआरएसची पुडी. मराठीत तिला कुणीतरी फार सुंदर नाव दिले आहे: जलसंजीवनी.

आपल्याकडे मात्र या पुडीला खालचे पान मिळते. 'डॉक्टरांनी नुसती पुडी दिली' असे लोक नाराजीने सांगतात. ही नाराजी अज्ञानातून येते आणि ते अज्ञान शाळेने दूर केले नाही, दवाखान्याने तर नाहीच. ही पुडी नुसते साखर-मीठ नाही. शरीरातली पेशी आपल्या दारातून कुणाला आत घेते आणि कुणाला नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी खपली. त्या उत्तरावर ही पुडी उभी आहे.

त्यासाठी आधी पेशीचे कुंपण पाहावे लागते. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते, इतके पातळ की तशी बारा-तेरा हजार पटले एकावर एक रचली तर एका साध्या कागदाची जाडी होईल. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचे बनलेले असते. गोर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी १९२५ साली रक्तातल्या तांबड्या पेशींमधली सगळी चरबी वेगळी काढली, पाण्यावर पसरली आणि तिने किती जागा व्यापली ते मोजले. ती जागा त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. थर दोन असल्याचा अंदाज तिथूनच आला.

आता मिसळीच्या वाटीकडे पाहा. वर तेलाचा लालभडक तवंग, खाली रस्सा. मीठ कुठे असते? रश्शात. कितीही ढवळा, मीठ तेलात उतरत नाही. पेशीच्या स्निग्ध पटलाचेही तसेच. मिठातल्या सोडियमला पाण्याचा सहवास इतका प्रिय की ते तेलाच्या थरात शिरायला तयार नसते. साखरेचेही तेच. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मात्र या पटलातून सहज आरपार जातात. म्हणून फुप्फुसांत श्वासाचे काम बिनबोभाट चालते. पाणी थोडेफार झिरपते, पण त्याच्यासाठी पटलात खास नळ्याही बसवलेल्या असतात. या नळ्या पीटर ॲग्र या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९२ च्या सुमारास ओळखल्या आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा एका नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात.

पाण्याला स्वतःची दिशा नसते. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे ते ओढले जाते. हा धडा प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात रोज गिरवला जातो. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ लावून ठेवले तर वाढेपर्यंत वाटीत पाण्याचे तळे होते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की रात्रीतून खार सुटतो. उलट, मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात आणि मनुकांचा प्रयोग तिथे असतोच. मुले व्याख्या पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात. हेच परासरण आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव हलवत असते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हा आकडा खरा आहे. आपण दिवसाला जेमतेम दोन लिटर पाणी पितो, पण लाळ, जठररस, पित्त, आतड्याचे स्राव मिळून आणखी सहा-सात लिटर द्रव आतड्यात उतरतो. निरोगी माणसाच्या शौचावाटे त्यातला पाव लिटरही बाहेर पडत नाही. बाकीचा सगळा आतड्याच्या पेशी पुन्हा शोषून घेतात. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू नेमका हा हिशेब उलटवतो. त्याचे विष आतड्याच्या पेशींमधली क्लोराइडची दारे सताड उघडी ठेवते. क्लोराइडमागून सोडियम जाते, त्यामागून पाणी. कोशिंबिरीच्या वाटीत होते तेच, फक्त इथे काकडीच्या जागी माणूस असतो. जोराची पटकी झालेल्या प्रौढ माणसाचे तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दगावतो, तो यामुळे.

महाराष्ट्राने हे मरण पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. गावच्या शिवेवरची मरीआई ही पटकीची देवी. साथ आली की तिचा गाडा एका गावाच्या हद्दीतून दुसऱ्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडला जाई. तिथून ते गाव तो आणखी पुढे ढकली. यात्रा-जत्रांत साथ फुटली तर माणसे वाटेतच पडत. त्या काळी लोकांच्या हातात दुसरे होते तरी काय? रोग्याला पाणी द्यावे तर ते वांतीवाटे किंवा जुलाबावाटे निघून जाई. म्हणून 'जुलाबात पाणी देऊ नये, पोट आणखी सुटते' अशी समजूत घट्ट बसली. ती आजही पुरती गेलेली नाही. आजही काही घरांत जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडतात, कधी अंगावरचे दूधही. याहून घातक चूक नाही.

पण नुसते पाणी टिकत नाही, हे लोकांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. मीठ घातलेले पाणीही पटकीत टिकत नाही. विषाने सोडियम आत घेण्याच्या नेहमीच्या वाटा अडवलेल्या असतात. मग वाट उरते कोणती?

या प्रश्नाचे उत्तर ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरात मिळाले. पेशीपटलातून पदार्थ कसे ये-जा करतात, या विषयावर तिथे शास्त्रज्ञांचा परिसंवाद भरला होता. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने तिथे एक आकृती मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, सोडियमही एकटे शिरत नाही. एक दार असे आहे की ते दोघांना मिळूनच आत घेते. आपल्याकडे मेहूण जेवायला बोलावतात, तसेच हे. आमंत्रण जोडप्याला असते, एकट्याला पाट मांडला जात नाही.

आत ओढण्याचा जोर कुठून येतो, हेही क्रेन यांनी सांगितले. पेशीच्या दुसऱ्या बाजूला सोडियम बाहेर फेकणारा पंप अखंड चालू असतो. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी तो १९५७ साली शोधला आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेलचा मान मिळाला. एका दमात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत; रात्रंदिवस, प्रत्येक पेशीत. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमचा कायम तुटवडा असतो आणि बाहेरचे सोडियम आत घुसायला टपलेले असते. त्या ओढीने सोडियम दारातून शिरते आणि शिरताना ग्लुकोजला हाताला धरून नेते. दोघे आत गेले की पाणी त्यांच्यामागोमाग जातेच. १९८७ साली अर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दाराचा जनुक वेगळा करून दाखवला आणि क्रेन यांची आकृती प्रत्यक्षात उतरली.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही: पटकीचे विष बाकीच्या वाटा अडवते, हे दार मात्र शाबूत राहते. जुलाब चालू असतानाही ते उघडे असते. फक्त तिथे जोडीने जावे लागते.

हेच दार मूत्रपिंडातही आहे, त्याच घराण्यातले, थोडे वेगळे. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि जवळजवळ सगळे या दारांतून परत रक्तात घेतले जाते. मधुमेहाच्या रुग्णात हे दार मुद्दाम बंद केले तर जादा साखर लघवीवाटे निघून जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही आज कितीतरी मराठी घरांतल्या गोळ्यांच्या डब्यात दिसणारी नावे नेमके हेच काम करतात. एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि भारतीय कंपन्यांच्या कितीतरी स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. आजोबांच्या गोळीचे आणि नातवाच्या पुडीचे शास्त्र असे एकाच घरातले आहे. एकीकडे दार बंद करायचे, दुसरीकडे त्याच्या उघडेपणाचा फायदा घ्यायचा. गोळी मात्र घरात वेळच्या वेळी घेतली जाते आणि पुडी तशीच पडून राहते.

प्रागच्या आकृतीपासून खाटेवरच्या रुग्णापर्यंतचा प्रवास आपल्याच उपखंडात झाला. कोलकात्यात डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच पटकीच्या १८६ रुग्णांना साखर-मिठाचे पाणी पाजून बरे केल्याचे 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. पण ते का लागू पडते, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते आणि कारण माहीत नसलेला उपाय जगाने बाजूला ठेवला. कोलकात्यातच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीचा जंतू विष सोडतो हे सिद्ध केले. मग १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी, रफीकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला या सहकाऱ्यांसह, ग्लुकोज आणि क्षार योग्य प्रमाणात पाजले तर शिरेतून द्यायच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते हे दाखवले.

खरी परीक्षा झाली ती १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले होते. बनगाव या सीमेवरच्या गावच्या रुग्णालयात पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या आणि १६ खाटा होत्या. रुग्ण जमिनीवर, व्हरांड्यात, जिथे जागा मिळेल तिथे पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा सलाईनचा साठा संपत आला होता. त्यांनी निर्णय घेतला. कोलकात्यात त्यांच्या केंद्रात एका खोलीत ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा वजन करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला जाऊ लागला. प्रमाण ठरलेले: लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. गरम इस्त्री फिरवून पिशव्यांची तोंडे बंद करायची. बनगावात पिंपांत द्रावण कालवायचे आणि रुग्णाच्या आईच्या, भावाच्या, नवऱ्याच्या हातात पेला द्यायचा. लिटरचा खर्च आला ११ पैसे.

आधी अशा छावण्यांत शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. बनगावात हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. पाजणारे हात परिचारिकांचे नव्हते, घरच्यांचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे हाच उपाय जगभर नेला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने संपादकीयातून सांगितले की आतड्यातल्या सोडियम आणि ग्लुकोजच्या या जोडीचा शोध हा कदाचित शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. ज्या देशात हे घडले, तिथे त्यांचे नाव शाळकरी मुलाला माहीत नसावे, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

आजची पुडी २००२ साली सुधारलेल्या सूत्रानुसार बनते. एका पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. एकूण साडेवीस ग्रॅम, बरोबर एक लिटर पाण्यासाठी. जुन्या सूत्रापेक्षा यात साखर आणि मीठ दोन्ही कमी केले गेले, कारण द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ असले तर पाणी आतड्यातून शरीरात अधिक चांगले शिरते. त्यातले सोडियम आणि ग्लुकोज रेणूंच्या संख्येने सारखे ठेवलेले आहेत. मेहूण जुळवूनच पाठवलेले.

म्हणूनच या उपायात 'अंदाजे' हा शब्द चालत नाही. लिटरची पुडी एका पेल्यात कालवली, तर ते पाणी इतके खारट आणि दाट होते की उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते; लहान मुलाच्या रक्तातले मीठ वाढून झटके येऊ शकतात. पुडीतले निम्मे आज, निम्मे उद्या, असे केले तर क्षारांचे प्रमाण बिघडू शकते. पुडीवर किती पाणी लिहिले आहे ते वाचावे. २०० मिलिलिटरसाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. कालवलेले द्रावण २४ तासांत संपवावे, उरले तर ओतून द्यावे. चव घेऊन पाहावी: डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये.

इथेच बाजाराने घोळ घातला. साध्या शीतपेयात १०० मिलिलिटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. जलसंजीवनीत तेवढ्याच पाण्यात ती १.३५ ग्रॅम. म्हणजे सात-आठपट फरक. जुलाब झालेल्या मुलाला असे गोड पेय दिले तर आतड्यात साखरेचा ढीग साचतो, दारांना तो पेलत नाही आणि परासरणाच्या नियमाने पाणी साखरेकडे धावते. जुलाब वाढतात. तरीही वर्षानुवर्षे आपल्या देशात नावात 'ओआरएस' अक्षरे मिरवणारी गोड पेये औषधांच्या दुकानांत खऱ्या पुडीच्या शेजारी विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षे त्याविरुद्ध झुंज दिली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने आदेश काढून अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली. एका डॉक्टरबाईंच्या चिकाटीला आलेले हे फळ मोठे आहे. पण आदेशाने फक्त लेबल बदलते. लोक सवयीने तेच खोके मागत राहिले आणि दुकानदार देत राहिला, तर मुलाच्या पोटात जायचे तेच जाईल.

पुडी नसेल तेव्हा घरही उपयोगी पडते. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. साखरेचे आतड्यात निम्मे ग्लुकोज होते, म्हणून ती पुडीतल्या ग्लुकोजच्या साधारण दुप्पट लागते. यात पोटॅशियम नसते, त्यामुळे पुडी मिळताच पुडीवर यावे. कोकणातली आणि गोव्यातली मीठ घातलेली पेज तर फार शहाणी गोष्ट आहे. तांदळातल्या पिष्टाचे ग्लुकोज आतड्यात हळूहळू होते, म्हणून साखरेसारखा एकदम ढीग साचत नाही. पटकीत तांदळापासून केलेल्या जलसंजीवनीने जुलाबाचे प्रमाण कमी होते, हे चाचण्यांतून दिसले आहे. मीठ घातलेले ताक, वरणाचे पाणी हेही चालते.

लोकांना हे शिकवता येते का? बांगलादेशाने शिकवून दाखवले. 'ब्रॅक' या संस्थेच्या महिला कार्यकर्त्यांनी १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघरी जाऊन एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे पालथी घातली यावर ठरत नसे. नंतर तपासणीस त्या घरी गेल्यावर तिथल्या बाईला किती आठवते आणि ती द्रावण नीट करते का, यावर ठरे. शिकवणाऱ्याचे मोल शिकणाऱ्याच्या आठवणीवरून ठरवण्याची ही पद्धत आपल्या शिक्षण खात्याने आणि आरोग्य खात्यानेही अभ्यासावी अशी आहे.

आपली स्थिती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळाल्याचे आढळले. आधीच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते. सुधारणा आहे, पण शंभरातली चाळीस मुले अजूनही त्यावाचून राहतात. सोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्या तर जेमतेम तीस टक्के मुलांपर्यंतच पोहोचल्या. आणि जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुले जुलाबाने मरतात.

डॉक्टर पुडी का लिहून देत नाहीत? चहाच्या टपरीवर याचे उत्तर ठरलेले असते: त्यात पैसा नाही. 'सायन्स' या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने हे उत्तर तपासले. बिहार आणि कर्नाटकातल्या दोन हजारांहून अधिक दवाखान्यांत, मुलाला जुलाब झाल्याचे सांगणारी प्रशिक्षित माणसे पाठवण्यात आली. पैशाच्या मोहाचा वाटा निघाला सुमारे ५ टक्के, दुकानात पुडी नसण्याचा सुमारे ६ टक्के. सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, एका गैरसमजाचा होता: लोकांना पुडी नकोच असते, असे डॉक्टरांना वाटते. आणि ज्यांनी आपणहून 'आम्हाला ओआरएस हवे' असे सांगितले, त्यांना ते मिळण्याचे प्रमाण २७ टक्के अंकांनी वाढले.

म्हणजे दवाखान्यातले दृश्य दोन्ही बाजूंच्या गैरसमजावर उभे आहे. घरच्यांना वाटते, डॉक्टर चांगला असेल तर सलाईन लावील. डॉक्टरांना वाटते, पुडी दिली तर हे उठून पलीकडच्या दवाखान्यात जातील. मधल्या मधे मुलाच्या हाताला सुई टोचली जाते.

हे बदलायला नवा शोध लागत नाही. शाळेत परासरणाचा धडा शिकवला जातो, त्याच दिवशी प्रत्येक मुलाने वर्गात एक लिटर जलसंजीवनी स्वतः कालवावी, चाखावी आणि मनुका का फुगल्या याच्याशी तिचे नाते समजून घ्यावे. औषध दुकानदारांनी गोड पेयांचे खोके मागे ठेवून पुड्या पुढे मांडाव्यात. दरवर्षी पावसाळ्यात जुलाबविरोधी मोहिमेत आशाताई घरोघरी पुड्या देतात, तेव्हा ती पुडी फळीवर टाकून न देता आशाताईंसमोरच एकदा कालवून पाहावी.

आणि दवाखान्यात गेल्यावर आजींनी, आईने, बापाने आधी एवढे विचारावे: "डॉक्टर, पोराला पिता येतंय, तर जलसंजीवनी आणि झिंक देता का?" पाजताना घाई करू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवावे. मूल पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, मूल सुस्तावले असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. तिथे गरज असेल तर सलाईन लावायलाच हवी. बाकीच्या वेळी लिटरभर स्वच्छ पाणी, साडेवीस ग्रॅमची एक पुडी आणि पाजणारे घरचे कुणीतरी, एवढे पुरते. १९७१ मध्ये बनगावच्या व्हरांड्यात बहुतेक रुग्णांना एवढेच पुरले होते.